आधी जेवण, मग खाऊ: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या आहारातली पाकिटं कशी कमी करायची

दहा किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर ३०० मिली अन्न मावतं. वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली, असा हिशेब बालआहारात धरतात. म्हणजे एक मोठी वाटी भरून आणि वर दोन-तीन चमचे. एवढ्याशा जागेत दिवसातून पाच-सहा वेळा जे पडतं, त्यातूनच त्याची हाडं, रक्त आणि मेंदू घडायचा असतो. जेवणाआधी तासभर तिथे बिस्किटाचा पुडा गेला, तर वरणभाताला जागा उरत नाही. मग आई काळजीने सांगते, "काही खातच नाही हो." ते खातं, पोट भरेपर्यंत खातं. फक्त ज्याने अंग धरावं ते त्याच्या पोटात जात नाही.

पाकिटातलं खाल्लं की मूल जाड होतं, अशी आपली समजूत. म्हणून हडकुळ्या मुलाच्या हातात कुरकुरे दिसले तर कुणाला खटकत नाही, उलट "काहीतरी खातोय ना" म्हणून बरंच वाटतं. पण महाराष्ट्रातलं चित्र बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३६.१ टक्के वजनाने कमी आढळली. ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. जास्त वजनाची मुलं होती ४.१ टक्के. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांत पुरेसा आणि पुरेसा वैविध्याचा आहार देशभरात शंभरातल्या जेमतेम अकरांना मिळत होता.

या कुपोषणाला कारणं पुष्कळ आहेत: आईचा ॲनिमिया, जन्मतः कमी वजन, वारंवारचे जुलाब, घरातली ओढाताण. सगळं खापर पाकिटावर फोडता येणार नाही. पण आधीच अपुऱ्या असलेल्या ताटातली जागा पाकीट खातं, हे खरं आहे. काठमांडू खोऱ्यातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बाळांच्या दिवसभराच्या कॅलरींपैकी सुमारे पाव भाग बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स, गोड पेयं अशा वस्तूंतून येत होता. ज्यांच्या आहारात हे प्रमाण सर्वांत जास्त, त्यांना लोह, जस्त, कॅल्शियम अशा गोष्टी कमी मिळत होत्या आणि त्यांची लांबीही वयाच्या मानाने कमी होती. असे अभ्यास संबंध दाखवतात, एकामुळेच दुसरं झालं असं सिद्ध करत नाहीत. तरी पोटातल्या जागेचा हिशेब कळला की हा संबंध समजायला जड जात नाही.

पुढची पावलं सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहेत. आई-बाबांनी, आजी-आजोबांनी आणि गावातल्या अंगणवाडी ताईंनी मिळून केली तर जास्त उपयोग होतो.

कशाला अतिप्रक्रिया केलेलं म्हणायचं

ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंटेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची विभागणी प्रक्रियेनुसार मांडली. तिला 'नोव्हा' म्हणतात. पहिल्या गटात धान्य, डाळी, दूध, दही, अंडी, मासे, भाज्या, फळं. दुसऱ्यात तेल, तूप, मीठ, साखर, गूळ. तिसऱ्यात या दोन गटांतून सरळ बनलेले पदार्थ, म्हणजे पनीर, लोणचं, खारे शेंगदाणे. चौथा गट अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा. धान्या-तेलातले घटक वेगळे काढून ते कारखान्यात पुन्हा एकत्र केलेले, आणि त्यात रंग, वास, चव वाढवणारी द्रव्यं घातलेली.

घरच्या घरी ओळखायचं तर मागची घटकांची यादी वाचा. तुमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर कधीच नसणारी नावं तिथे असतील, तर तो चौथा गट. क्रीमची बिस्किटं, चिप्स, कुरकुरे, नूडल्स, आंब्याच्या चवीची पेयं, जेलीचे कप, माल्टची पावडर, चॉकलेटी सिरीयल, पॅकबंद केक हे सगळं त्यात येतं. दुकानात माळेने लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्या आणि बिनलेबलच्या पिवळ्या नळ्याही यातच धरा. तिथे तर यादीही नसते.

नको ते यात ओढू नका. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध, गिरणीचं पीठ, पोहे, चुरमुरे, रवा, साधं दही यांच्यावरही प्रक्रिया झालेली असते, पण हे रोजचं चांगलं अन्न आहे. दिवाळीची चकली-शंकरपाळी तळलेली असली तरी घरच्या पिठाची. रोज द्यायची नाही, पण सणाला घाबरायचंही कारण नाही. बेकरीची खारी आणि टोस्ट मी मात्र बिस्किटांच्याच रांगेत बसवते: मैदा, वनस्पती तूप, साखर किंवा मीठ, आणि बाळाला लागणारं जवळजवळ काही नाही.

दोन गोष्टी यातून बाहेर ठेवा. डॉक्टरांनी काही कारणाने बाळाला पावडरचं दूध लावलं असेल, तर हा लेख वाचून ते बंद करू नका. तसंच तीव्र कुपोषित मुलाला सरकारी केंद्रातून मिळणारं उपचाराचं पाकीटबंद अन्न हे औषध आहे. ते सांगितलं तेवढं पूर्ण द्यायचं, आणि भावंडांत वाटायचं नाही.

पहिलं पाऊल: तीन दिवस लिहून काढा

काही बदलायच्या आधी मुलाच्या तोंडात काय जातं ते तीन दिवस लिहा. दोन साधे दिवस आणि एक आठवडी बाजाराचा किंवा रविवारचा. वेळ, काय दिलं, कोणी दिलं, अंदाजे किती, एवढंच. बायका बहुतेक वेळा जेवणच लिहितात. आजोबांनी दिलेली गोळी, शेजारच्या काकूंकडचं बिस्कीट, चहात बुडवलेला टोस्ट राहून जातो. नेमकं तेच हवं आहे.

दीड वर्षाच्या एखाद्या मुलीची नोंद साधारण अशी निघते. सकाळी सात वाजता बशीत चहा आणि तीन बिस्किटं. दहाला आजोबांबरोबर दुकानापर्यंत फेरी, पाच रुपयांचे चिप्स. साडेअकराला वरणभाताचे चार घास, मग तोंड फिरवलं. दुपारी अंगावरचं दूध आणि झोप. चारला चहा-टोस्ट. साडेसहाला आंब्याचं पेय, कारण भाऊ पीत होता. रात्री आठला भाकरी दुधात कुस्करून, दोन घास. मग पुन्हा अंगावर.

आता यातल्या वेळा बघा. प्रत्येक जेवणाच्या तास-दीड तास आधी काहीतरी गेलंय. सकाळी सातला, रात्रभराच्या उपाशी पोटी, जी सगळ्यांत खरी भूक होती, ती चहा-बिस्किटावर गेली. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत, ते नुकसान वेगळंच. नोंद वाचून कोणाला बोल लावायचा नाही. फक्त भुकेच्या वेळांवर गोल करा. पुढचं सगळं काम त्या गोलांपाशी आहे.

एकदा आकड्यातही बघून घ्या. साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅममागे साधारण ४५० कॅलरी, २५ ग्रॅम साखर आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसात ५० ग्रॅम बिस्किटं गेली तर सव्वादोनशे कॅलरी आणि साडेबारा ग्रॅम साखर. अंगावर पिणाऱ्या एक ते दोन वर्षांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला ५५० कॅलरी लागतात. म्हणजे चाळीस टक्के वाटा बिस्किटांनी घेतला, आणि त्यातून प्रथिनं मिळाली तीनेक ग्रॅम, एका अंड्याच्या निम्मी. वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या पाच टक्क्यांखाली असावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. हजार कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी ती मर्यादा नेमकी साडेबारा ग्रॅम. एका छोट्या पुड्यात दिवसाचा कोटा संपला. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी तर संघटनेचा २०२३ चा सल्ला आणखी स्पष्ट आहे: जास्त साखर, जास्त मीठ, ट्रान्स फॅट (घट्ट केलेल्या तेलातली घातक चरबी) असलेले पदार्थ नकोत आणि गोड पेयं अजिबात नकोत.

दुसरं पाऊल: पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूवर गाय असते, गव्हाची लोंबी असते, 'आटा', 'मल्टिग्रेन', 'कॅल्शियमयुक्त' असे शब्द असतात. ते सोडून द्या आणि पाकीट उलटा. बहुतेक पाकिटांवर मजकूर इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं असतं. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचं कायद्याने बंधन आहे. पहिली तीन नावं म्हणजे पाकिटातला मोठा भाग. तिथे मैदा, साखर, पामतेल असेल तर पुढे दोन टक्के नाचणी आहे म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. साखर वेगवेगळ्या नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप. माल्टोडेक्स्ट्रिन कागदोपत्री साखर नाही, पण तो मोडलेला स्टार्च आहे आणि शरीरात तो साखरेसारखाच झटकन पचतो.

मग आकडे. १०२ आणि ११० हे कृत्रिम पिवळा-नारिंगी रंग, ६२१, ६२७, ६३१ किंवा ६३५ म्हणजे चव वाढवणारी द्रव्यं. प्रत्येक आकड्याला भिऊ नका: ३३० हे लिंबात असतं तेच सायट्रिक आम्ल आणि ५०० म्हणजे खाण्याचा सोडा. पण चव वाढवणारं द्रव्य दिसलं की समजा, हा पदार्थ मुळात बेचव आहे आणि त्याच्या चवीला सरावलेल्या जिभेला घरचं वरण फिकं लागणार.

सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.

आणि एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. लेबलवर 'दैनंदिन गरजेच्या इतके टक्के' असं लिहिलेलं असतं, ते दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने. तिथे साखरेची मर्यादा ५० ग्रॅम आणि सोडियमची २००० मिलिग्रॅम धरलेली असते. तुमचं दोन वर्षांचं मूल त्याच्या निम्म्याने, हजारेक कॅलरी खातं. लेबल २० टक्के म्हणत असेल तर मुलासाठी ते ४० समजा. शिवाय 'एक सर्व्हिंग' किती ग्रॅमची तेही बघा. पुष्कळदा ती अख्ख्या पाकिटाच्या निम्मीच असते.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरबद्दल दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की, माल्ट किंवा धान्याच्या अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या एका बड्या कंपनीच्या बाळ-सिरीयलमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर असल्याचं दाखवून दिलं. साधं दूध मुलाला चालतं. गोड लागल्याशिवाय पीत नसेल तर त्यात खजूर वाटून घाला किंवा केळं कुस्करा. आणि दूधही दिवसाला अर्ध्या लिटरवर नको. दुधात लोह नसल्यासारखंच असतं, आणि त्याने भरलेलं पोट जेवायला तयार होत नाही.

दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. कोणी दवाखान्यात किंवा घरी येऊन असा नमुना हातात ठेवत असेल, तर सरळ नाही म्हणा.

तिसरं पाऊल: आधी भुकेच्या वेळा भरा

पाकीट काढून घेतलं आणि त्या जागी काही ठेवलं नाही, तर चार दिवसांत ते परत येतं. म्हणून आधी भरायचं, मग काढायचं.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून दोन-तीनदा मऊ अन्न लागतं. नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, नऊ महिन्यांच्या आसपास अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. दोन खाण्यांमध्ये किमान दोन तास मोकळे ठेवा. त्या वेळात फक्त पाणी किंवा अंगावरचं दूध.

अन्न किती घट्ट आहे याकडे फार लक्ष द्या. डाळीचं पाणी, भाताची पातळ पेज, रव्याची वाहती खीर यांनी पोट भरतं, बाळ भरत नाही. चमचा तिरका केला तर घास ओघळून पडता कामा नये. आणि प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तूप किंवा तेल घाला. पोट लहान असल्यामुळे कमी जागेत जास्त ताकद बसवायची ती इथेच.

सकाळच्या चहा-बिस्किटाच्या जागी एक पीठ करून ठेवा. दोन वाट्या नाचणी, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. तिन्ही वेगवेगळं मंद आचेवर भाजा, कारण शेंगदाणे लवकर करपतात आणि डाळ कच्ची राहिली तर पोटात दुखतं. शेंगदाण्याची सालं पाखडून काढा. सगळं गार झाल्यावर एकत्र बारीक दळून कोरड्या डब्यात भरा. शेंगदाण्यामुळे पीठ खवट होतं, तेव्हा दहा-पंधरा दिवसांपुरतंच करा. सकाळी तीन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, म्हणजे गाठी होत नाहीत. मग वाटीभर पाण्यात किंवा दुधात पाच-सात मिनिटं सतत हलवत शिजवायचं आणि खाली उतरवून तूप घालायचं. वर्ष झालं असेल तर सुपारीएवढा गूळ, नसेल तर कुस्करलेलं केळं. या वाटीत साधारण दीडशे कॅलरी आणि चारेक ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय नाचणीचं कॅल्शियम. नाचणी मिळत नसेल तर ज्वारी किंवा तांदूळ घ्या, डाळ आणि शेंगदाणे मात्र ठेवा. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल किंवा बाळाला अंगभर इसब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दिवसभरात आठ गटांपैकी किमान पाच पोटात जायला हवेत: अंगावरचं दूध, धान्य-कंद, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-केशरी फळं आणि हिरव्या पालेभाज्या, इतर भाज्या-फळं. भाकरी-वरण-अंगावरचं दूध हे तीनच होतात. त्यात एक अंडं आणि शिजवलेला लाल भोपळा आला की पाच. आठव्या महिन्यात नीट शिजवलेलं अंडं चालतं का, असं घाबरत विचारतात. सहाव्या महिन्यानंतर चालतं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात, ती मुलाच्याच ताटात पडतात ना, एवढं बघा. शाकाहारी घरात डाळीबरोबर लिंबू पिळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं.

चौथं पाऊल: एका वेळी एकच पाकीट काढा

सगळं एका दिवसात बंद केलं तर घरात रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी कंटाळून पुडा फोडतं. मी हा क्रम सांगते: आधी सकाळचा चहा-बिस्कीट, मग गोड पेयं, मग चिप्स-कुरकुरे, शेवटी नूडल्स. सकाळचं पहिलं, कारण तिथे भूक सगळ्यांत जास्त असते आणि मूल नवीन पदार्थ घेतं. पेयं दुसरी, कारण त्यांची जागा पाणी, ताक किंवा खरं फळ लगेच घेतं. आंब्याच्या चवीच्या पेयात १०० मिलीमागे बारा-पंधरा ग्रॅम साखर असणं नेहमीचं आहे. कुरकुरीतपणाची ओढ सुटायला वेळ लागतो, म्हणून ते नंतर.

त्या जागी काय ठेवायचं हे तुमच्या भागात काय पिकतं त्यावर. मराठवाड्यात, विदर्भात ज्वारीच्या लाह्या, हिवाळ्यात हुरडा कुस्करून, दाण्याच्या कुटाचा लाडू. कोकणात उकडलेलं रताळं, भाताची घट्ट पेज खोबरं घालून. गोव्यात नाचणीची तिझन (खीर) पिढ्यान्‌पिढ्या मुलांना भरवतात, तिला तोड नाही. खानदेशात केळी स्वस्त आणि हाताशी. शहरात जिथे चूल पेटवायलाच वेळ नाही तिथे दह्यात भिजवलेले पोहे, उकडलेलं अंडं, रात्रीच्या पोळीचा तुपातला चुरा. ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या आयांसाठी दाणे-गुळाचे लाडू आणि केळी. दोन्ही फडक्यात बांधून नेता येतात आणि हात धुतले की झालं. परदेशातल्या मराठी घरांत तोटीच्या प्लॅस्टिक पिशवीतल्या फळांच्या लगद्याचा आणि तोंडात विरघळणाऱ्या पफ्सचा प्रश्न असतो. तिथेही उत्तर हेच: फळ चमच्याने किंवा हाताने खाऊ द्या. चावायला शिकणं हीसुद्धा या वयाची गरज आहे.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. कूट करा, पीठ करा, द्राक्षं उभी चिरा. लाह्याही चुरून द्या. आणि वर्षाच्या आत मध नको.

पाचवं पाऊल: देणाऱ्या हातांशी बोला

नोंदीत 'कोणी दिलं' हा रकाना आता उपयोगी पडतो. बहुतेक पाकिटं आई विकत घेत नाही. आजोबा, मामा, कामावरून येणारे बाबा प्रेमानेच आणतात. त्यांना "देऊ नका" म्हटलं तर प्रेमावरच बोट ठेवल्यासारखं होतं. त्यापेक्षा असं सांगा: "आबा, तुमच्या हातचा खाऊ तिला फार आवडतो. येताना उद्यापासून दोन केळी आणा, तुम्हीच तिला सोलून द्या." सोलून देण्याचं काम त्यांच्याकडे राहिलं की विरोध मावळतो. दुकानदाराला, उधारीच्या वहीवर सामान घेत असाल तर खास करून, सांगून ठेवा की पोरगं एकटं आलं तर पुडी द्यायची नाही, राजगिऱ्याची चिक्की द्या. पुष्कळ दुकानदार ऐकतात.

रडं थांबवायला, जेवण संपवल्याचं बक्षीस म्हणून, किंवा मोबाइल बघत भरवताना पाकीट वापरू नका. 'वरण संपव, मग चॉकलेट' म्हटलं की वरण ही शिक्षा ठरते. काय द्यायचं आणि कधी द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने. नवीन पदार्थ मुलं आठ-दहा वेळा नाकारून मग खातात. एकदा थुंकलं म्हणजे आवडत नाही असं नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, कारण पाकिटाचा शिरकाव बहुतेक घरांत याच वळणावर होतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात वाढ मंदावते, महिन्याला साधारण २०० ग्रॅमच. वाढ मंदावली की भूकही कमी होते. हे नैसर्गिक आहे. पण कालपर्यंत वाटीभर खाणारं मूल आज अर्ध्यावर थांबलं की घर घाबरतं, आणि 'निदान हे तरी खातंय' म्हणून बिस्कीट पुढे येतं. मूल शिकतं की जेवण नाकारलं की गोड मिळतं. त्या दिवसांत एका जेवणाने घाबरू नका. ताट उचला, दोन तासांनी पुन्हा घरचंच अन्न पुढे ठेवा. वजन वाढतंय ना, तेवढं बघा.

मूल तीन-चार वर्षांचं होऊन अंगणवाडी-बालवाडीत जाऊ लागलं की वाढदिवसाच्या चॉकलेटांचा प्रश्न येतो. ताईंशी आणि इतर आयांशी बोलून वाढदिवसाला फळं किंवा लाडू वाटायचं ठरवता येतं. शाळांसाठी तर नियमच आहे: २०२० च्या नियमावलीनुसार शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिसरात जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. पालकसभेत हा नियम वाचून दाखवा.

सहावं पाऊल: दर महिन्याला मोजा

बदल लागू पडतोय का हे गालांवरून कळत नाही, काट्यावरून कळतं. महिन्यातून एकदा अंगणवाडीत वजन आणि उंची घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून घेतात. ताईंना वाढीचा तक्ता दाखवायला सांगा. एका महिन्याच्या आकड्यापेक्षा रेष कुठे चाललीय ते महत्त्वाचं. वर जाणारी रेष हवी. दोन महिने सपाट राहिली किंवा खाली वळली, तर वाट बघू नका.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडघेराची पट्टी असते. डाव्या दंडाच्या मध्यावर, ना घट्ट ना सैल. १२.५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ पेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. तिथे पाकिटं बंद करून आणि नाचणीची खीर देऊन भागत नाही. त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथून गरजेनुसार ग्राम बाल विकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

आहाराबरोबर या गोष्टी चुकवू नका: आठवड्यातून दोनदा लोहाचं एक मिली सिरप, नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस, आणि वर्षानंतर वर्षातून दोनदा जंताची गोळी, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी. लोहाचं सिरप सुरू असताना शौच काळी होते, त्याने घाबरून बंद करतात. करू नका. तीव्र कुपोषित मुलाला मात्र लोह डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

घरचं अन्न नीट मिळत असूनही वजन वाढत नसेल, तर कारण दुसरं आहे असं धरा. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप, घरात कुणाला क्षयरोग, सारखे जुलाब, गहू खाल्ल्यावर पोट फुगणं, हे सगळं डॉक्टरांना सांगा आणि तुमची तीन दिवसांची नोंद बरोबर न्या. पायांवर सूज वाटली तर दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडा. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, किंवा मूल मलूल पडून खाणं-पिणं सोडत असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.